पावणे एकोणपन्नास फेरे : जीपची मोठी चाके आणि क्राउन-पिनियनच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळी आटोपल्यावर आज गाडी शेडमध्ये घेतली. गाडी म्हणजे विलिसच्या वंशातली, जुन्या सीजे घडणीची उघडी महिंद्रा जीप. तिला २५२३ सीसीचे एमडीआय ३२०० डिझेल इंजिन आहे, टर्बो नाही, चार गिअर आहेत, आणि हाय-लोचा ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी, स्पायसर १८ च्या धर्तीचा आहे. चाकांवर ६.००-१६ मापाचे बारीक टायर आहेत. एका स्नेह्याने त्याच्या गाडीवरचे २३५/८५ आर १६ मापाचे पाच टायर अर्ध्या किमतीत देऊ केले आणि मी ते घेऊन टाकले. आधी क्राउन-पिनियनचा विचार करून मग टायर घ्यायला हवे होते. शाफ्टवरचा छोटा पिनियन आणि चाकांना फिरवणारा मोठा क्राउन ही ती दात्यांची जोडी; क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे होतात, ते तिचे गुणोत्तर. क्रम उलटा झाला हे पहिल्याच पानावर मान्य करून ठेवतो, कारण पुढचा सगळा हिशेब या उलट्या क्रमातून निघालेला आहे.

टायरवरच्या मापावरून व्यास काढणे सोपे आहे. २३५ मिमी रुंदीच्या ८५ टक्के म्हणजे १९९.७५ मिमी ही बाजूच्या भिंतीची उंची. तिची दुप्पट करून त्यात सोळा इंचांच्या रिमचे ४०६.४ मिमी मिळवले की सुमारे ८०६ मिमी होतात, म्हणजे पावणेबत्तीस इंचांच्या थोडे आत. पण गिअरच्या हिशेबात हा व्यास धरता येत नाही, कारण गाडीच्या वजनाखाली टायर दबतो आणि एका फेऱ्यात कागदावरच्यापेक्षा कमी अंतर कापतो. म्हणून शेडसमोरच्या काँक्रीटवर चाकाला खडूची रेघ मारली, माणूस आत बसवून गाडी ढकलली आणि चाकाच्या दहा फेऱ्यांचे अंतर टेपने मोजले. जुन्या टायरचे २२.२० मीटर भरले, म्हणजे एका फेऱ्याला २.२२ मीटर. नवे टायर अजून रिमवर चढलेले नाहीत, त्यामुळे त्यांचे मोजमाप राहिले.

२६ नोव्हेंबर २०२३

नव्या टायरला जुने रिम चालत नाहीत. जीपचे मूळ रिम अरुंद आहे आणि २३५ च्या टायरला निदान सहा इंच रुंदीचे रिम लागते. पाच बोल्ट आणि त्यांच्या १३९.७ मिमी वर्तुळाचे सहा इंची लोखंडी रिम मिळाले आणि काल पाचही चाके तयार झाली. काट्यावर जुने चाक २३ किलो भरले होते, नवे ३३ किलो भरले. प्रत्येक चाकाला दहा किलोची ही भर गुणोत्तराच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. ती मुद्दाम येथे लिहून ठेवतो.

त्याच काँक्रीटवर नव्या चाकाच्या दहा फेऱ्यांचे अंतर २४.५० मीटर आले. २.४५ ला २.२२ ने भागले की १.१०४ येतात. म्हणजे चाक दहा टक्क्यांहून थोडे अधिक मोठे झाले आणि इंजिनाच्या दृष्टीने सगळे गिअर तेवढेच उंच झाले, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी आणि चाकावरचा जोरही कमी.

चाके अजून शेडच्या भिंतीला टेकून उभी आहेत, कारण अ‍ॅक्सलमध्ये आज कोणते गुणोत्तर आहे हेच मला माहीत नाही. या गाडीत ५.३८ असणार असे सगळे सांगतात. विलिसच्या सीजे गाड्यांत पूर्वापार हेच गुणोत्तर होते, क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. पण माझ्या मनात एक जुनी शंका आहे. राधानगरी रस्त्यावर किलोमीटरचे दगड मोजत गेलो असता वीस किलोमीटरला मीटर अठराच्या किंचित वर दाखवतो. इतके दिवस मी त्याचा दोष केबलला देत आलो. केबल तुटते किंवा अडकते, तेव्हा काटा थरथरतो किंवा पडतो. नेमाने दर वीसाला पावणेदोनच्या वर किलोमीटर खाणे हे केबलचे लक्षण नव्हे, एवढे तरी मला आधी सुचायला हवे होते.

३ डिसेंबर २०२३

आज मोजले. ज्यांना कव्हर न उघडता गुणोत्तर काढायचे आहे त्यांच्यासाठी रीत सविस्तर लिहितो.

गाडी सपाट जागेवर घेऊन पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला आणि मागचे फक्त डावे चाक जॅकने उचलून अ‍ॅक्सलखाली घोडी लावली. उजवे चाक जमिनीवरच ठेवले. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, साधा असल्यामुळे एक चाक धरून ठेवले आणि दुसरे फिरवले की क्राउन अर्ध्याच वेगाने फिरतो. म्हणजे उचललेल्या चाकाचे दोन फेरे झाले की क्राउनचा एक फेरा होतो. दोन फेऱ्यांवर मोजणी थांबवली तर पाव फेऱ्याची चूक हाताला कळत नाही आणि ४.८८ की ५.१३ हा प्रश्न तसाच राहतो, म्हणून चाकाचे पूर्ण वीस फेरे करायचे ठरवले. चाक मी फिरवले आणि मुलगा गाडीखाली आडवा पडून प्रोपेलर शाफ्टवरची खडूची खूण मोजत राहिला. मध्येच शेजारच्या कुत्र्याने त्याचे बूट हुंगायला सुरुवात केल्याने पहिली मोजणी फुकट गेली. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी आकडा एकच आला : अठ्ठेचाळीस पूर्ण फेरे आणि वर पाऊण, म्हणजे पावणे एकोणपन्नास.

क्राउनच्या दहा फेऱ्यांना पिनियनचे ४८.७५ फेरे म्हणजे ४.८७५, आणि ३९ ला ८ ने भागले की नेमके हेच येतात. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ५.३८ नाही, ४.८८ आहे.

मग पुढचा अ‍ॅक्सल घेतला. पुढची चाके शाफ्टशी जोडणारे हबवरचे लॉक लावून तसेच एक चाक उचलले, वीस फेरे केले, तर शाफ्टचे पावणे चोपन्न झाले. ५३.७५ म्हणजे ५.३७५, म्हणजे ४३ ला ८. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८!

कोणी तरी कधी तरी हमरस्त्यावर वेग मिळावा म्हणून मागचा जोड बदलला आणि पुढचा तसाच सोडला. फोर व्हीलचा दांडा वर्षानुवर्षे कोणी ओढलाच नसणार, त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नाही. मीटरचेही कोडे यातूनच सुटले. या ट्रान्स्फर केसमध्ये मीटरचा गिअर शाफ्टच्या फेऱ्यांवर चालतो आणि तो ५.३८ साठी बसवलेला आहे. ४.८७५ ला ५.३७५ ने भागा, ०.९०७ येतात. वीस किलोमीटरला १८.१४. केबलची मी मनोमन माफी मागितली.

१० डिसेंबर २०२३

दोन अ‍ॅक्सलांची गुणोत्तरे वेगळी असली तर नेमके काय होते, हे समजण्यासाठी एक छोटा प्रयोग केला. फोर व्हील लागल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, मध्ये डिफरन्शियल नसते. पुढे ५.३८ असल्याने पुढची चाके मागच्यांपेक्षा नऊ टक्क्यांनी हळू फिरू पाहतात. मागची चाके शंभर मीटर गेली तर पुढच्यांना फक्त ९१ मीटर जायची मुभा असते आणि उरलेले नऊ मीटर त्यांनी घसरत जायचे असते. ओल्या मातीत ती घसरतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. डांबरावर घसरता येत नाही, तेव्हा सगळा ताण शाफ्ट, त्याच्या सांध्यातले क्रॉस आणि दात यांच्यावर येतो. आज डांबरावर अगदी हळू तीस मीटर गेलो. गाडी मागून कोणी धरल्यासारखी जड झाली आणि टू व्हीलला परत यायला दांडा हलेना. थोडे मागे घेतल्यावर तो खडकन सुटला. हा प्रयोग कोणी पुन्हा करू नये.

थोडक्यात, मोठी चाके लावा किंवा न लावा, एक अ‍ॅक्सल तरी उघडावाच लागणार आहे. कोणता उघडायचा, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

दुपारी फोंडा घाटाची चाचणी केली. नवी चाके लावून, मागचे ४.८८ तसेच ठेवून, पुढचे हब मोकळे करून, फक्त मागच्या चाकांवर फोंड्याहून दाजीपूरकडे चढलो. तिसरा गिअर जवळपास निरुपयोगी ठरला. दुसऱ्यात इंजिन ओरडत होते, तिसऱ्यात टाकले की गुदमरत होते, आणि मागे उसाच्या रिकाम्या ट्रॉलीवाल्याने दोनदा हॉर्न दिला.

२४ डिसेंबर २०२३

दोन आठवडे कागदावर गेले. जे समजले ते सावकाश लिहितो, कारण गुणोत्तर निवडण्याच्या बहुतेक तक्त्यांत नेमकी हीच बाजू नसते.

तक्ता एवढेच विचारतो की टायर किती मोठा झाला आणि त्या प्रमाणात गुणोत्तर किती वाढवले की मूळ स्थिती परत येते. हिशेब सोपा आहे. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला १००० मीटर. हजाराला चाकाच्या एका फेऱ्याच्या अंतराने भागले आणि अ‍ॅक्सलच्या गुणोत्तराने गुणले की चौथ्या गिअरमधले इंजिनाचे मिनिटाचे फेरे येतात, कारण चार गिअरच्या या पेटीत चौथा गिअर सरळ एकास एक आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा, ६.००-१६ आणि ५.३८ असताना, साठला २४२१ फेरे पडत आणि इंजिनाची ३२०० फेऱ्यांची मर्यादा ताशी ७९ किमीवरच येई. आधीच्या मालकाने मागचा जोड का बदलला, हे या एका आकड्यावरून कळते. त्याच्या ४.८८ वर साठला २१९६ फेरे झाले. नव्या चाकांवर ४.८८ च ठेवले तर १९९० पडतात. नव्या चाकांवर ५.३८ घातले तर २१९४, म्हणजे आज गाडी जशी आहे तशीच, दोन फेऱ्यांच्या फरकाने. मूळ ५.३८ चा जोर नव्या चाकांवर परत हवा असेल तर ५.९४ लागेल, आणि माझ्या अ‍ॅक्सलांना बसेल असा तेवढा खोल जोड येथील बाजारात मला दिसला नाही.

पेट्रोल गाडीत इंजिन साडेपाच-सहा हजारांपर्यंत ताणता येते, त्यामुळे गुणोत्तर थोडे चुकले तरी गिअर ते पोटात घेतात. या डिझेलची गोष्ट वेगळी आहे. याच २५२३ सीसी घडणीचे टर्बो इंजिन थार डीआयमध्ये ३२०० फेऱ्यांवर ६३ बीएचपी देत असे आणि त्याची कमाल ओढ १५०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान होती. माझ्याकडे टर्बोही नाही. १४०० च्या खाली इंजिन धडधडते आणि ३२०० च्या वर त्याच्याकडे देण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे घाटात वापरण्याजोगा पट्टा साधारण १५०० ते २७०० एवढाच.

आता या पट्ट्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधले अंतर बसवून पाहा. दुसरा सुमारे २.४ आणि तिसरा सुमारे १.५. दुसऱ्यात २६०० पर्यंत ताणून तिसरा टाकला की फेरे १६२५ वर येतात, आणि क्लच दाबलेला असताना चढावर गाडीचा वेग जो पडतो तो वेगळाच. नवी चाके आणि ४.८८ असताना दुसऱ्यातले २६०० फेरे म्हणजे ताशी ३२.७ किमी. नवी चाके आणि ५.३८ असताना तेच २६०० फेरे २९.६ किमीवर येतात. फोंड्याच्या वळणांवर मला २८ ते ३० च्या वर वेग धरता येत नाही, कोणाही शहाण्याने धरू नये. मग ४.८८ वर तिसऱ्या गिअरपर्यंत पोहोचायला जो वेग लागतो तो रस्ता मला देतच नाही, आणि ५.३८ वर तोच गिअर अगदी उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. तीस किमीला तिसऱ्यात १६४५ फेरे पडतात, ४.८८ वर १४९२. हा दीडशे फेऱ्यांचा फरक दहा तारखेला मी पायाखाली अनुभवला होता.

म्हणून यापुढे कोणी मला विचारले की मोठ्या टायरला कोणते गुणोत्तर घालू, तर मी आधी उलट विचारणार की तुमच्या नेहमीच्या घाटात तुम्हाला किती वेग धरता येतो. त्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची सर्वाधिक ओढ आली पाहिजे. हमरस्त्यावरचा वेग त्यानंतर जो येईल तो.

लो रेंजचा हिशेब एका ओळीत संपतो. पहिला गिअर सुमारे चार, ट्रान्स्फर केसचा लो २.४६ आणि ५.३८ यांचा गुणाकार ५३ च्या आसपास येतो, आणि ७५० फेऱ्यांच्या आयडलवर गाडी ताशी २.१ किमीने सरकते. ४.८८ वर हाच वेग २.३ झाला असता. दगडातून उतरताना हा फरक जाणवतो, पण एवढ्यासाठी अ‍ॅक्सल उघडावा असा तो नाही.

७ जानेवारी २०२४

उद्यमनगरातल्या मिस्त्रींना कागद दाखवला. पन्नासेक वर्षे डिफरन्शियल बांधणारा माणूस, कागदाकडे ओझरते पाहून म्हणाला, “सर, ७.००-१६ घाला की. रिम पण तेच, पिनियन पण तेच. कशाला ह्यो उपद्व्याप?” त्यांच्या सांगण्यात तथ्य होते. ७.००-१६ चा फेरा २.३६ मीटर धरला तर ५.३८ वर साठला २२७८ फेरे पडतात, म्हणजे ओढ अधिक मिळते, आणि अरुंद टायर चिखल कापून खालची कडक जमीन गाठतो. पण मागचे ४.८८ त्यांनाही बदलावे लागणारच होते आणि माझे टायर घरात येऊन पडले होते. मी हट्ट धरला. त्यांनी मान हलवली आणि सुपारी तोंडात टाकली.

ठरले ते असे की पुढचे ५.३८ तसेच राहील आणि मागे ५.३८ चा नवा जोड बसेल. कॅरियर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो तो भाग, बदलायचा खर्च नाही. मागचा अ‍ॅक्सल डेना ४४ च्या जातीचा आहे, आणि त्यात ३.७३ व त्याहून लहान आकड्याच्या गुणोत्तरांना एक कॅरियर लागतो, तर ३.९२ व त्याहून मोठ्या आकड्यांना दुसरा. ४.८८ आणि ५.३८ दोन्ही एकाच बाजूला पडतात.

टायरचे माप नोंदणीतल्या मापापेक्षा वेगळे होत असल्याने, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात घेऊन, परिवहन कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे. तोवर रस्त्यावर जुनी चाकेच राहतील.

२१ जानेवारी २०२४

आजचा दिवस वाया गेला, आणि चूक माझी होती.

एका दुकानातून ५.३८ चा जोड म्हणून क्राउन-पिनियन आणले होते. दुकानातच मी क्राउनचे दात मोजले, ४३ भरले. पिनियनचे मोजले, ८ भरले. समाधानाने पैसे दिले. आज सकाळी ऑइल काढले, शाफ्ट ओढले, बेअरिंगच्या कॅपवर डाव्या-उजव्याच्या खुणा केल्या आणि जुना कॅरियर बाहेर घेतला. नवे बेअरिंग घालून नवा पिनियन बसवला आणि क्राउनच्या दातांना निळा रंग लावून फिरवून पाहिले. पिनियनचे दात जिथे टेकतात तिथला ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा, तो टोकाला गेला. पिनियनची जागा ठरवणारी पातळ चकती, म्हणजे शिम, बदलली, तर ठसा दुसऱ्या टोकाला गेला. चार वेळा पिनियन बाहेर काढला आणि चारही वेळा ठसा मधे येईना. एकदा पुढच्या बाजूला बरा दिसला, तर मागच्या बाजूला पार कडेवर होता.

दुपारी मिस्त्रींनी पिनियन हातात घेऊन त्याचे डोके चिंधीने पुसले आणि भिंगाखाली धरले. त्यावर एक क्रमांक कोरलेला होता. क्राउनच्या कडेवरही एक क्रमांक होता. दोन्ही वेगळे. “दात मोजू नकासा सर, नंबर बघा. लेकरू एका घरचं, आई दुसऱ्या घरची.”

४.८८ च्या जोडातही पिनियनला आठच दात असतात, ३९ आणि ८. माझ्या हातात क्राउन ५.३८ चा होता आणि पिनियन बहुधा ४.८८ च्या जोडातून आलेला. आठ दात मोजून माझी खात्री झाली आणि तिथेच फसलो. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून एकमेकांस बसवलेले असतात. दात सारखे असले तरी जोडी तुटली की त्यांचा संसार जमत नाही. दुकानदाराने बदलून देण्याचे कबूल केले, दोन आठवड्यांनी.

११ फेब्रुवारी २०२४

आज खरा जोड बसला. या खेपेस दुकानातच भिंग काढले आणि दोन्ही क्रमांक एक असल्याचे पाहूनच पैसे दिले.

पिनियनच्या डोक्यावर जोडीच्या क्रमांकाशेजारी आणखी एक बारीक खूण असते, अधिक किंवा उणे चिन्हासह एक आकडा. पिनियन आदर्श जागेपासून इंचाच्या किती हजाराव्या भागाने मागे-पुढे बसायला हवा, हे तो सांगतो. जुन्या पिनियनवर उणे १ होते, नव्यावर अधिक २. म्हणजे नवा तीन हजारांश इंचाने मागे बसायला हवा, आणि आतल्या बेअरिंगच्या कपामागची शिम तेवढी कमी करायची, सुमारे ०.०८ मिमी. जुन्या शिमचा गठ्ठा मायक्रोमीटरने मोजून त्यातून हे वजा केले आणि पहिल्याच बसवणीत ठसा जवळपास मधे आला. तो मुळाकडे किंचित झुकत होता, म्हणून आणखी ०.०५ काढली. मग निळ्या रंगात दाताच्या मध्यावर जो लांबट, अंडाकृती ठसा उमटला, त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरी दाखवला. घरी कोणाला त्यात काही विशेष दिसले नाही.

बेअरिंगचा ताण पाहण्यासाठी टॉर्क मीटर नव्हता. मिस्त्रींनी फ्लँजवर सुतळी गुंडाळली आणि ताणकाट्याने ओढली. पाच सेंटिमीटर त्रिज्येवर सहा किलोला पिनियन एकसारखा फिरू लागला. हे सुमारे २.९ न्यूटन-मीटर होतात, नव्या बेअरिंगला योग्य. बॅकलॅश, म्हणजे दोन दातांमधली मोकळीक, डायल गेजवर ०.१८ मिमी आला. क्राउनवर तीन ठिकाणी मोजला आणि तिन्ही आकडे ०.०२ च्या आत राहिले. शेवटी जीएल-५ दर्जाचे ९० चे ऑइल भरले. हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या अशा तिरप्या दातांना हाच दर्जा लागतो.

पुढचा अ‍ॅक्सल उघडून फक्त पाहिला. दात स्वच्छ, कडा शाबूत, कारण तो कधी राबलाच नव्हता.

२५ फेब्रुवारी २०२४

नवे दात रुळायला वेळ द्यावा लागतो. पहिल्या दिवशी तीस किमी हळू चालवून हाऊसिंगला हात लावून पाहिला. गरम होते, पण हात टिकत होता. तासभर थंड होऊ दिले आणि मग परतलो. ट्रॉली किंवा जड ओझे पहिले ८०० किमी लावायचे नाही असे ठरवले आहे. परवानगीचा कागद हातात आल्यावर मोठी चाके चढवली. डांबराच्या कडेच्या कच्च्या पट्ट्यावर फोर व्हील लावून शंभर मीटर गेलो, दांडा परत दोन बोटांनी सुटला.

त्यानंतर फोंडा घाट, तेच वळण, तीच वेळ. हिशेबाने गाडी जुन्या चाकांवर होती तशीच चालायला हवी होती, कारण साठच्या फेऱ्यांत दोनाचा फरक आहे. तशी ती चालली नाही. सलग चढावर तिसऱ्याने नीट ओढले, आयडलला सहज उतरली, पण दोन आवळ वळणांनंतर जुन्या चाकांवर जिथे तिसऱ्यावर निभावत असे तिथे दुसरा टाकावा लागला. सलग चढावर चाकाचे वजन फारसे नडत नाही, पण वळणावर वेग उतरला आणि पुन्हा उचलायचा झाला की जमिनीवर असलेली चार चाके प्रत्येकी दहा किलोने जड असतात आणि ते वजन परिघावर फिरते. त्यात रुंद टायरचा घर्षणाचा रेटाही आला. कागदावर दोन जोड सारखे ठरतात, कारण कागद फक्त फेरे मोजतो. मिस्त्रींच्या ७.००-१६ ची आठवण मला त्या दुसऱ्या वळणावर झाली, आणि ती त्यांना मी अजून सांगितलेली नाही.

उतारावर दुसरी गोष्ट लक्षात आली. ड्रम तेच, पण चाकाची त्रिज्या दहा टक्क्यांनी वाढल्यामुळे तेवढ्याच दाबाला जमिनीवर रोध कमी पडतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो तर इंजिन गाडी धरून ठेवते, ते काम ५.३८ ने चांगले केले. पण अचानक थांबायचे झाले तर पाय पूर्वीपेक्षा जोरात दाबावा लागतो.

३० जून २०२४

८०० किमी गेल्या आठवड्यात पूर्ण झाले. मागचे ऑइल काढले. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लुकणासारखा बारीक थर होता, बोटावर चोळल्यावर खडा लागला नाही. कव्हर उघडून बॅकलॅश पुन्हा मोजला, ०.१९ मिमी. ठसा जागेवर.

आज स्नेह्याच्या शेतात पन्हाळ्याच्या पायथ्याशी काळ्या चिखलात गाडी घातली. लो रेंजमध्ये पहिल्यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून ती दोन किमीच्या चालीने बांधाला लागली. टायरच्या खाचा भरल्या तेव्हा घसरली, पण चारही चाके एका वेगाने घसरली. पूर्वी अशा जागी पुढची चाके मागे ओढत आणि मागची पुढे ढकलत, आणि मी तो चिखलाचा गुण समजत होतो.

मीटर अजूनही दहाला ९.१ दाखवतो, कारण चाक वाढले तेवढेच गुणोत्तर वाढले आणि चूक जिथल्या तिथे राहिली. डॅशबोर्डवर पेन्सिलीने “× १.१” लिहून ठेवले आहे. डिझेलचा हिशेबही त्याच गुणाकाराने करतो. पुढचे काम ब्रेकचे आहे. ड्रम खरवडायला आणि लायनिंग बदलायला पुढच्या रविवारी मिस्त्रींकडे गाडी जाईल.